पाण्याकाठची येळवस

आमच्या घरात दमलेली माणसं पुष्कळ होती, पण तसं बोलून दाखवायची मुभा एकट्या अण्णांना होती. अण्णा म्हणजे माझे वडील. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळा तेलुगू शेजार, आणि तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे नव्यानं राहायला आलेल्या बायकांना ते माझे भाऊच वाटायचे. अण्णांना याचं फार कौतुक. रेल्वेच्या कचेरीतून संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता "दमलो बुवा" म्हणायचे आणि आई स्टोव्हला पंप मारायला बसायची. आई नळाला पाणी यायच्या आधी उठलेली असायची. हंडे भरून, डबे करून, धुणं वाळत घालून, दुपारी शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून ती परत रात्रीच्या भाकरीला लागायची. तिनं ते वाक्य कधी उच्चारलेलं मला आठवत नाही. मी मात्र आता येता-जाता म्हणते, आणि कुणी चहाही ठेवत नाही.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत आबांची बाज, बाजेखाली मिरची. मिरची ही आमची कुत्री. पिल्लू असताना कोपऱ्यावरच्या गाड्याखाली पडलेलं मिरचीचं भजं खाऊन केकाटत आमच्या दारात आली, आईनं तिला ताक पाजलं, आणि मग ती गेलीच नाही. पहाटे काचीगुड्याच्या गाड्यांच्या शिट्या, मग बांग, मग मागच्या घरातल्या इडलीच्या रगड्याची घरघर आणि या सगळ्यात मिसळलेला आबांचा खोकला, असा आमचा दिवस सुरू व्हायचा. आबा म्हणजे आईचे वडील. सांगवीला मांजरेच्या काठी त्यांची काळी जमीन होती. धरण झालं, गाव उठलं, रान पाण्याखाली गेलं. मामा पुण्याकडे कारखान्यात लागला आणि तिकडचाच होऊन बसला, तेव्हा आई जाऊन आबांना घेऊन आली. लेकीच्या घरचं बापानं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणारा तो माणूस, आणि इथं तर दोन्ही वेळचं जेवण. आपण बसून खातोय असं कुणाला वाटू नये म्हणून ते दिवसभर काही ना काही निवडत बसायचे. पालेभाजी, तांदूळ, लसूण, शेंगा. निवडायला काही नसलं की कासावीस व्हायचे, मग आई उद्याची भाजी आजच त्यांच्यापुढे आणून टाकायची. कसं आहे विचारलं की "चाललंय की" एवढंच. अण्णा त्यांना चांगला मान द्यायचे, पण जावयाशी बोलताना आबांची मान खाली ती खालीच.

वर्षातून एक दिवस मात्र आबा हट्टाला पेटायचे, तो येळवशीचा. वेळ अमावस्या हे तिचं पंचांगातलं नाव. हैदराबादेत कुणाला सांगूनही कळायची नाही, पण लातूर, उदगीर, बीदरकडच्या शेतकऱ्याला ती दिवाळीहून मोठी. ऐन थंडीत घराला कुलूप घालून माणसं रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील आपल्या रानाच्या चारी कडांनी शिंपडत "चांगभलं" म्हणत फिरायचं, आणि मग तिथंच मातीत बसून जेवायचं. वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून पंगतीला बसवायचं. आई हा सगळा स्वयंपाक बरकतपुऱ्यात करायची. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे घालून रटरटणारी भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी, गव्हाची खीर. ताट वाढून आबांपुढे ठेवायची. आबा ताटाला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि ताट सरकवून द्यायचे.

"येळवस रानात आसती, माय. पत्र्याखाली कसली येळवस?"

दिवसभर पाण्यावर राहायचे. बाप उपाशी म्हणून आईही उपाशी. घर भज्जीच्या वासानं भरलेलं, मी आणि अण्णा चोरासारखे खाली मान घालून खातोय, मिरची उंड्यावर ताव मारतेय, आणि दोन माणसं दोन कोपऱ्यांत तोंड फिरवून बसलेली. दर वर्षी हेच. मला त्या सणाचा राग यायचा. सणाला घरात एवढं अन्न आणि एवढी भूक एकदमच कशी असते हे मला कळायचं नाही.

रान गेलं तरी आबांचं एक भांडण शिल्लक होतं. त्यांच्या रानाच्या वरच्या अंगाला त्यांच्या चुलतभावाचं, किसनचं रान होतं. मधे बांध. आबांचं म्हणणं असं, की किसननं दरसाल नांगराचं तास पुढं मारत बांध कोरला आणि हळूहळू आबांच्या रानात आणून ठेवला. किसनचं म्हणणं, बांध बापजाद्यांनी घातला तिथंच आहे. त्यावरून बोलणं बंद, पाणी बंद, आईच्या लग्नालासुद्धा किसन आला नव्हता. वाटाणे सोलताना आबा हे सगळं मला फरशीवर मांडून दाखवायचे. एक शेंग म्हणजे बांध. "ह्यो हितं होता. त्यानं हितं आणला," म्हणत शेंग वीतभर सरकवायचे. पुरावा म्हणजे महादेवाचं देऊळ. खऱ्या बांधावर उभं राहून डावीकडं बघितलं की देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खिंडीत बरोबर बसतो. इकडं-तिकडं सरकलं की हुकतो. ह्याला कोर्ट कशाला पाहिजे, लेकरू सांगेल, असं म्हणून माझ्याकडे बघायचे. एकदा मी म्हटलं, "आबा, पण आता तर सगळं पाण्यात आहे ना?" त्यावर मला म्हणाले, "पाण्यात गेलं म्हणून किसनाचं झालं का?"

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी पावसाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. उठले, पण हात थरथरायला लागले. सोललेले दाणे ताटात कमी आणि बाजेखाली जास्त पडायचे, आणि मिरची ते गुपचूप संपवायची, जणू तिलाही त्यांची लाज झाकायची होती. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी आईनं अण्णांपुढे चहा ठेवला आणि ती तिथंच बसली. बसली, म्हणजे काहीतरी आहे हे अण्णांनाही कळलं.

"या येळवशीला आबांना रानात न्यायचंय," ती म्हणाली. "रानात बसवून त्यांच्या पोटात चार घास घालायचेत. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं."

"अगं, पण रान आहे कुठं आता?"

"पाण्याच्या काठाला तरी नेऊ. डिसेंबरात पाणी ओसरतं. एखादा तुकडा उघडा पडला असेल."

आईनं लग्नानंतर मागितलेली ती पहिलीच गोष्ट असावी. अण्णांचा चहा निवला तो निवलाच.

इथं जरा थांबते, कारण हे लिहिताना समोर माझी नात ईरा मोबाइल घेऊन बसली आहे. त्यांचं कुठल्याशा तळ्याकाठी जायचं चाललंय. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच मोरी. कुत्र्याला चालतं का म्हणून तिनं विचारून घेतलं, हौ, चालतं म्हणे, त्याला वेगळी गादी मिळते. "आजी, तू पण चल ना, नुसतं बसून राहायचं, कुछ करनाच नै," असं म्हणतेय. काही न करता पाण्याकाठी बसायचं, ही कल्पना आईला सांगितली असती तर तिला वाटलं असतं पोरीला ताप भरलाय. मी ईराला बघू म्हटलंय. आता मला बॅग भरायच्या विचारानंच गुडघे दुखतात.

तर अण्णा कामाला लागले. बाकी काही जमो न जमो, आखणी करायचा त्यांना भारी सोस. कचेरीतल्या साहेबांच्या तोंडून त्यांनी कॅम्प हा शब्द ऐकला होता, तेव्हा नुसतं जाऊन यायचं नाही, आदल्या दिवशी जायचं, पाण्याकाठी कॅम्प टाकायचा, असं ठरलं. गाडीसाठी ते गफूरचाचांकडे गेले. चाचांचा लग्नाचे मांडव घालायचा धंदा आणि त्यासाठीची एक जुनी मेटॅडोर. चाचा म्हणाले, "गाडी क्या, मैं खुद आतूं. नद्दी का हवा खातूं." तंबू म्हणून त्यांनी आपली लाल-पिवळी कनात घेतली, जिच्यावर अजून कुणाच्या तरी लग्नाची बिर्याणी सांडलेली होती. मग मिरचीचा प्रश्न. शेजारच्या पद्माक्कांनी तिला सांभाळलं असतं, पण मागच्याच महिन्यात तिनं त्यांचे वाळत घातलेले सांडगे फस्त केले होते. पद्माक्का दारातूनच "नक्को तल्ली" म्हणाल्या, म्हणजे नको गं बाई. मिरचीही यायची ठरली. आईनं बाकी कशात तोंड घातलं नाही, फक्त दोन गोष्टी सांगितल्या. खोप कनातीची होत नाही, कडबा लागतो. आणि आंबील मातीच्या मडक्यात, तोंडाला नुसतं फडकं बांधून, तिच्या मांडीवर येईल. नल्लकुंट्याच्या एका गवळ्याकडून तिनं पाच पेंढ्या आणवल्या. त्या गाडीच्या टपावर चढताना पाहून चाचांनी विचारलं, "भाभी, भैंस को भी लेको जारे क्या?" गल्ली हसली. आई हसली नाही, पण पदर तोंडाला लावून आत गेली.

आबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतला पटका काढून आईला धुवायला दिला. तो वाळेपर्यंत ते दोरीखाली बसून होते.

निघायच्या आदल्या दिवशी आईला उसंत नव्हती. दाणे सोलायचे, पीठ मळायचं, तीळ भाजायचे, आणि हे सगळं रोजचं सांभाळून. निघताना अण्णांनी आंबिलीचं मडकं पाहिलं आणि म्हणाले, "हे रस्त्यात फुटणार. मी सांगतो." त्यांनी ती सगळी आंबील एका मोठ्या स्टीलच्या डब्यात ओतली आणि झाकणाची कडी लावली. आई म्हणाली, "अहो, आंबील जिवंत असते. तिला कोंडून ठेवू नये." अण्णा म्हणाले, "डोकं वापर जरा, रस्ता किती खराब आहे." आई उभ्या उभ्या भिंतीला टेकली. "करा तुम्हाला काय करायचं ते," म्हणाली. तिच्या दमण्याचा आवाज असा असायचा, मला तो आता ओळखू येतो, तेव्हा यायचा नाही.

झहीराबाद गेलं, ऊन चढलं, आणि गाडीत बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. झाकण टपाला आदळून चाचांच्या मानेवर पडलं, चाचांनी "या अल्ला" म्हणत गाडी शेतात घातली, आणि आंबील आमच्या सगळ्यांच्या अंगावर. कनातीवर, आबांच्या धुतलेल्या पटक्यावर, अण्णांच्या इस्त्रीच्या शर्टावर. मिरची आधी केकाटली आणि मग जिथं मिळेल तिथं चाटत सुटली. अण्णांच्या भुवईवरून आंबील ओघळत होती. मग बाजूला बसलेले आबा, ज्यांनी जावयासमोर कधी मान वर केली नव्हती, ते खू-खू करून हसायला लागले, आणि हसता हसता खोकायला. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डब्याच्या तळाला तांब्याभर आंबील उरली होती. ती तिनं परत मडक्यात घेतली आणि मडकं मांडीवर घेऊन पुढचा सगळा रस्ता तशीच बसली.

पोचायला अंधार पडला. विचारत विचारत सांगवीच्या बाजूचा काठ गाठला, कनात कशीबशी बांधली आणि सगळे मेल्यासारखे झोपलो. सकाळी उठून पाहिलं तर धुकंच धुकं. पाणी कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं, नुसतं चुबुक-चुबुक ऐकू यायचं. आईनं तीन दगडांची चूल मांडली. पहिल्या फुंकरीला धूर डोळ्यांत गेला आणि मग भज्जीचा वास सुटला. मी आणि अण्णांनी पेंढ्या उभ्या करून खोप केली, ती दोनदा अण्णांच्या अंगावर पडली. तिसऱ्यांदा आबा उठले, थरथरत्या हातांनी पेंढ्यांचे शेंडे एकत्र धरले, वर एक गाठ मारली, आणि खोप उभी राहिली. त्यांनी वाकून मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, नाकाशी नेलं. "काळी हाय," म्हणाले. ते खोपीत टेकून बसले तेव्हा आईचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. तिनं पत्रावळ मांडली, भज्जी वाढली, उंडा ठेवला. आता घास उचलतील एवढ्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

मिरची. दुसरं कोण असणार? थोड्या अंतरावर धुक्यात आणखी एक खोप होती आणि तिथल्या नैवेद्याचा उंडा तोंडात धरून मिरची धावत येत होती. अण्णा माफी मागायला गेले. परतले ते खुशीत.

"काही बोलले नाहीत हो. मुका जीव आहे, खाऊ द्या म्हणाले. वर सगळ्यांना जेवायला बोलावलंय. किसनराव म्हणून आहेत. हे रान त्यांचंच आहे म्हणे."

आबांचा हात पत्रावळीवरच थांबला. धुकं एव्हाना विरळ झालं होतं. त्यांनी डावीकडे पाहिलं. पाण्यात लांबवर एका देवळाचा नुसता कळस वर आलेला होता आणि त्याच्या मागे डोंगर. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, पाणी कुठंच ओसरलं नव्हतं. आमच्या मागं ज्वारी होती ती किसनची, आम्ही बसलो होतो ती जमीन किसनची, आणि आबांचं जे काही होतं ते सगळं समोर पाण्याखाली होतं. आम्ही पंचांग बघून निघालो होतो, पाण्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आबांनी पत्रावळ सरकवली. अगदी घरी सरकवायचे तशीच.

"ह्याच्या रानात मी घास खाणार न्हाई."

आई पळी हातात धरून तशीच बसून राहिली. अण्णा म्हणाले, "आबा, इतक्या लांब आलोय हो." आबा त्यांच्याकडे बघून, मान वर ठेवून म्हणाले, "तुमचे उपकार हायेत, जावई. पण पोट माझं हाय." मग त्यांनी आंबिलीचं मडकं उचललं. "माझ्या रानाला तेवढी शिंपडून येतो. खायाचं ऱ्हाऊ दे." आणि धोतर खोचून पाण्याकडे निघाले.

आई उठून धावली, तिच्यामागे मी. तिनं त्यांचा एक दंड धरला, मी दुसरा. पाणी बर्फासारखं, खाली गाळ. पाय घातला की घोटाभर आत जायचा. आबांचं लक्ष पाण्याकडे नव्हतं, डाव्या हाताला होतं, कळसाकडे. कळस खिंडीच्या उजवीकडे दिसत होता, बराच उजवीकडे. एकेक पाऊल टाकलं की तो किंचित सरकायचा. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं. आई म्हणाली, "आबा, पुरे. इथूनच शिंपडा." ते थांबेनात. मला फरशीवरची शेंग आठवत होती. ते ज्याला खरा बांध म्हणायचे तो वर होता, काठाजवळ. तो मागेच पडला असणार असं मला वाटत होतं, पण कळस अजून खिंडीत आला नव्हता. पाणी मांड्यांपर्यंत आलं. आबांचं अंग इतकं कापत होतं की मडक्यातली आंबील हिंदकळून बाहेर येत होती. आई रडायला लागली. मी तिला तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती मोठ्यांदा, लहान पोरीसारखी रडत होती आणि म्हणत होती, "मी दमले आबा. मी फार दमले. चला ना मागं." त्यांचा पाय गाळात रुतला आणि ते एका बाजूला कलले. आम्ही दोघींनी कसंबसं सावरलं. त्यांनी परत पाय उचलला, पुढेच टाकायला.

"दादा!"

काठावर एक म्हातारा उभा होता. अंगात बंडी, डोक्याला आबांसारखाच पटका. अण्णा त्याच्या शेजारी, मिरचीला गळ्याला धरून. कोण पाण्यात उतरलंय ते त्यांनीच त्याला सांगितलं असणार. आबा वळले नाहीत, पण थांबले.

"दादा, थांब तिथंच," किसन ओरडून म्हणाला. "फुडं कुठं चाललास? तुझं रान तिथनंच लागतंय."

आबा कळसाकडे बघत होते. मीही बघत होते. कळस खिंडीच्या उजवीकडेच होता, अजून चांगली दहा-बारा पावलं तरी हवी होती, आणि तिथं पाणी माझ्या डोक्यावरून गेलं असतं.

"ऐकू येतंय का?" किसन परत ओरडला. "बांध तिथंच होता. तू म्हणत होतास तिथंच. ते तुझं हाय. शिंपड आन् भाईर ये."

मी हळूच म्हटलं, "आबा, कळस अजून खिंडीत..."

"दिसतंय मला, माय," आबा म्हणाले.

आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते त्यांना त्या माणसाच्या तोंडून, सगळ्यांदेखत ऐकायला मिळालं होतं, आणि समोर तो कळस होता. मग त्यांनी मडकं तिरकं केलं, आंबील पाण्यात सोडली. पांढरा डाग थोडा वेळ तरंगला आणि विरला. "चांगभलं," ते पुटपुटले. काठावरून किसननं जोरात "चांगभलं" म्हटलं, आणि अण्णांनीही, ज्यांना यातलं काही कळलेलं नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. चाचांनी कनात सोडून आणली आणि आबांना तीत गुंडाळलं, लाल-पिवळ्या लग्नाच्या कनातीत, नुसता पटका वर. ते खोपीपाशी येऊन बसले. किसन चार हात लांबच उभा होता, जवळ यावं की नाही हे न कळून. जवळून पाहिलं तर तोही थकलेलाच म्हातारा होता, डोळ्यात मोतीबिंदू वाढलेला. एवढ्या लांबून त्याला आबा कुठं उभे होते ते तरी दिसलं असेल का, कोण जाणे. आबांनी त्याच्याकडे वर पाहिलं.

"खोटं बोललास तू," ते म्हणाले.

किसन डोक्यावरचा पटका सारखा करत राहिला.

"बांध फुडं हाय. तुझाच खरा व्हता," आबा म्हणाले.

"आसंल," किसन म्हणाला. "पाण्यात कुणाला काय दिसतंय?"

आबांनी सरकवलेली पत्रावळ पुन्हा पुढे ओढली. भज्जी निवून घट्ट झाली होती. त्यांनी आईकडे पाहिलं. "त्याला वाढ, माय. आधी त्याला वाढ."

आईनं वाढलं. किसन मांडी घालून बसला, आबांनी उंडा मोडला, अर्धा त्याच्या पत्रावळीवर टाकला, अर्धा भज्जीत कालवला आणि थरथरत्या हातानं पहिला घास तोंडात घातला. निम्मा मांडीवर सांडला. मिरची आली. दुसरा घास घेतला. आई बघत होती. मग तिनं स्वतःसाठी पत्रावळ घेतली, वाढून घेतलं, आणि कुणाचं झालं की नाही, कुणाला काय हवं, काही न बघता जेवली. भाकर, भज्जी, खीर, परत भज्जी. जेवून झाल्यावर तिनं हातही नीट धुतले नाहीत. खोपीत आबांच्या मागं जी काय जागा होती तिथं कडब्यावर आडवी झाली आणि झोपली. भरदिवसा, उन्हात, चार माणसांसमोर. अण्णांनी चहा करू का म्हणून हलकेच विचारलं, पण तिला ऐकू गेलं नाही. आबांनी त्यांना हातानं खूण केली, गप बसा म्हणून, आणि आपल्या अंगावरची कनात काढून तिच्यावर घातली.